सोसायटीतली फटफटी

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीत दुधापेक्षा टीव्हीच जास्त चालायचा. जनावरं छावणीला गेलेली, रिकामे कॅन भिंतीशी पालथे. टँकर सोसायटीच्या दारातच थांबायचा, म्हणून आम्ही बाया हंड्यांची रांग बाहेर लावून आत सावलीला बसायचो. धाकट्या दिरानं बीडहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. आणला पोरांसाठी, पण पोरं शाळेत गेली की तो नुसताच पडून असायचा.

मी तेव्हा नवी सून, सातवी पास. त्यामुळं जगातलं सगळंच मला कळायचं. "वाया जायचे धंदे आहेत हे," असं मी जाहीर केलं, आणि आठवड्याच्या आत रिमोट माझ्याच हातून सुटेना.

गेम साधा. फटफटी पळवायची, खंदक आला की उडवायची. माझ्या सासूला, आत्याबाईंना, माझ्याहून जास्त नाद. वळण आलं की त्या फटफटीबरोबर स्वतःही कलंडायच्या, थेट शेजारणीच्या मांडीवर.

मला गेवराईला माहेरी जायचं होतं. पण टँकर सुरू झाल्यापासून विषयच निघत नव्हता. सून गेली तर पाणी कोण वाहणार? एका दुपारी आत्याबाई खुशीत दिसल्या तशी मी विचारलंच.

"आत्याबाई, चार दिवस जाऊन येऊ का?"

नेमकी त्यांची फटफटी मोठ्या खंदकात गेली. "हा खंदक उडवून दाखव, मग जा. लई शहाणी हायस न्हवं!"

बाया सरसावून बसल्या. मी पदर खोचला, खंदकाच्या काठापर्यंत गाडी आणली, आणि दारात चपला वाजल्या. मामंजी! माझे सासरे, सोसायटीचे चेअरमन. सासऱ्यापुढं सुनेनं बसायचं नाही, बोलायचं तर नाहीच. मी रिमोट सतरंजीवर टाकून उभी राहिले, पदर नाकापर्यंत ओढला. फटफटी काठावर भुरभुरत थांबली. पडद्यावरचं वेळेचं घड्याळ मात्र उतरत होतं. माहेर हातचं चाललेलं आणि ही गुणाची बाई मर्यादा सांभाळतेय!

"ही कुणाची गाडी हाय?" मामंजींनी विचारलं.

"तिची. उडाली तर माहेरी, न्हाई तर टँकरला," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी बसून रिमोट उचलला. खऱ्या फटफटीवर कॅन लादून जन्म गेलेला माणूस. त्यांनी तो हँडलसारखा पिळला. गाडी हलेना.

लग्नाला वर्ष झालं होतं, त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते.

"मामंजी, उजवीकडचं बटण! सोडू नका! आता उडवा, उडवा!"

उडाली. मामंजी टीव्हीकडं बघतच म्हणाले, "सूनबाईला आवाज हाय की!"

"हे धरायचं न्हाई. गाडी तुमी चालवली," आत्याबाई तापल्या.

"वाट तिनं सांगितली. जाऊ दे तिला. रिकामे कॅन हायेत, पाणी मी आणीन फटफटीवर."

गेवराईला पहिल्या दिवशी मी मनसोक्त अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी आईला खंदक समजावून सांगितला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. आई घाबरली, "कावून गं, काही झालंय का तिकडं?" तिला काय सांगणार?

सोसायटीत शिरले तर दोघं नवरा-बायको टीव्हीपुढं, एकाच बाजूला कललेले. मामंजींनी मागं न बघताच विचारलं, "सूनबाई, ह्या पुढच्या खंदकाचं काय करायचं?"

मी पदर ओढला आणि त्यांच्या मागं सतरंजीवर बसले.