मामांची गाणी आणि मामींचं मशीन

आवाजाचा वैरी आणि गाण्याचा भक्त एकाच कातडीत जन्माला यावा, तर तो माझ्या मामेसासऱ्यांसारखाच निघेल. भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीत कपाटाएवढे दोन स्पीकर आणि अॅम्प्लिफायर मांडला. गाणी कॉम्प्युटरवर, पण त्याचा पंखा कुरकुरतो म्हणून त्याची रवानगी मागच्या खोलीत झाली आणि तिथून वायफायवर गाणी बैठकीत येऊ लागली. गाणं चालू असेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मामांच्या खिशात असे. मामींनी कुकर लावायचा तो मैफल उठल्यावर. ऐन मे महिन्यात घामानं निथळत मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, "राहू द्या जावई, हवा घुसते गाण्यात." वीज गेली तरी सूर तुटू नये म्हणून इन्व्हर्टर घेतला, तोही गाण्यापुरताच.

पुढे मामींची फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला लावलं. ते सतत घरघरायचं. मला वाटलं, आता मामा घर सोडून पळणार! त्यांनी स्पीकर, अॅम्प्लिफायर, इन्व्हर्टरची वायर सगळं मामींच्या खाटेशी नेलं आणि स्वतः मागच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसू लागले. मामींनी दम खात एखादं भीमगीत सांगावं, मामांनी तिकडून लावावं. मामींची धाप त्यांना बघवत नव्हती.

एका दुपारी मी तिथं असतानाच वीज गेली. गाणं चालूच राहिलं, मशीन थांबलं. मामा धावत आले, अॅम्प्लिफायरची पिन उपटली आणि तिथं मशीनची खुपसली. घरघर सुरू झाली.

जरा वेळानं मामींनी विचारलं, "गाणं काऊन बंद केलं जी?"

"बॅटरी दोघाईले झेलत नाई. आता हेच ऐकू."

वीज येईपर्यंत दोघं मशीन ऐकत बसले.

थंडीत मामी गेल्या. महिन्याभरानं मी गेलो, तर मामा त्यांच्या खाटेवर बसलेले, स्पीकर तिथंच, गाणं चालू.

"हे तुम्ही लावलं?"

"नाई. तिची आवड पाहून कॉम्प्युटरच नेटवरून एकामागून एक लावून राह्यला. त्याले कोनं सांगावं?" मग थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली. "बसा. हे नवं आहे. तिनं ऐकलं नव्हतं."