विहीणबाईंचं चौकड्यांचं कापड

परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, त्या लाकडी राणीच्या डोक्यावरचा फेटा अजून आहे का?" आहे. पण तो तिथे कसा आला हे तुम्हा दोघांना अर्धवटच आठवतंय, आणि अर्धवट आठवणारा माणूस उरलेलं मनाने भरतो. म्हणून क्रमाने लिहिते.

गेल्या नवरात्रात तुम्ही लंडनहून अड्यारला आलात, तेव्हा तुमच्याबरोबर तुमची ग्रॅनी, माझ्या विहीणबाई, पहिल्यांदाच आल्या. त्यांचे आईवडील सेंट लुसिया बेटावरचे, जन्म लंडनचा आणि आयुष्यभराचं काम बस चालवण्याचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या रिक्षावाल्याला वळण कसं घ्यावं ते समजावलं. तो 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत राहिला आणि वळणं आपल्याच पद्धतीने घेत राहिला.

नवरात्रात आपल्याकडे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू तुम्ही पाहिलाच. तो बघायला इमारतीतल्या माम्या, म्हणजे शेजारणी, येतात, हरभऱ्याचं सुंडल खातात, हळदीकुंकू घेतात आणि कुणी काय नेसलं होतं ते लक्षात ठेवून जातात. त्या संध्याकाळी विहीणबाई बेटावरचा पोशाख घालणार होत्या. लेस लावलेला पांढरा झगा, वर चौकड्यांचा घागरा आणि त्याच कापडाचा फेटा. लाल, पिवळा, हिरवा. तिकडे त्या कापडाला 'मद्रास'च म्हणतात, कारण पूर्वी ते इथून, आपल्या मद्रासहून, जहाजाने जायचं.

"माझ्या पणजीच्या आधीच्या बायका गुलाम होत्या," त्या घडी उलगडत म्हणाल्या. "इतर दिवशी मालक देईल ते जाडंभरडं अंगावर घालायचं. रविवारचं हे मात्र त्यांनी स्वतः निवडलेलं."

मी कापड हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. हे कापड मी रोज बघते. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. आपल्या इस्त्रीवाल्याने तर घागरा परत देताना विचारलंच होतं, की साहेब, म्हणजे तुमचे आजोबा, नेहमी पांढरी वेष्टी नेसतात, मग ही एवढी मोठी लुंगी कुणाची?

माझ्या घरात माझ्या विहिणीला कुणी हसलेलं मला चाललं नसतं. मी कपाटातून गडद हिरव्या रंगाची कांजीवरम काढली आणि ही तुम्हाला खुलून दिसेल म्हटलं. त्यांनी काठावरून हात फिरवला.

"तुमची साडी नेसून मी तुमची पाहुणी दिसेन. लंडनमध्ये हा फेटा बांधला की लोक विचारतात, हे काय आहे, तुम्ही मूळच्या कुठल्या. बेटावर गेले तर म्हणतात, लंडनवाली आली. इथे तरी कुणी विचारणार नाही. हे इथलंच आहे ना?"

यावर बोलली ती गॅलरीत उभी असलेली थोरली. "ग्रॅनी, तुझा फेटा त्या अंकलनी कमरेला गुंडाळलाय."

विहीणबाई गॅलरीत गेल्या. खाली टपरीवर दोघे आणि वॉचमन, तिघेही चौकड्यांत. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कानातले डूल हलेपर्यंत हसल्या. "अख्खा रस्ता माझा राष्ट्रीय पोशाख घालून चहा पितोय," त्या म्हणाल्या.

मीही हसले. पण आत आल्यावर त्यांनी घागऱ्याची घडी केली, बॅगेत ठेवली, चेन ओढली आणि ती हिरवी साडी द्या म्हणाल्या.

मी साडी दिली नाही. कोलूतल्या राजाराणीचे कपडे बदलायचे राहिले होते, ते काम घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. ही जोडी म्हणजे मरप्पाची, गडद लाकडाची. माझ्या लग्नात माझ्या आईने दिलेली. बाकीच्या मातीच्या बाहुल्या कितीही रंगीत असोत, सगळ्यात आधी ही दोघं मांडायची आणि सगळ्यात वर.

त्यांनी राणी हातात घेतली. "ही तर माझ्याहून काळी."

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

"आणि नेसते काय?"

"आपण नेसवू ते. यंदा तुम्ही ठरवा."

त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि कात्री मागितली. घागऱ्याच्या आतल्या दुमडीतून पट्टी कापून त्यांनी राणीला इवलासा फेटा बांधला. वर तीन टोकं काढली. तीन टोकं म्हणजे लग्न झालेली. राजा शेजारीच उभा होता. मग आरशासमोर स्वतःचा फेटा बांधला, त्याला टोकं चार. चौथ्या टोकाचा अर्थ तुम्ही मोठे झालात की ग्रॅनीलाच विचारा. मी सांगणार नाही.

संध्याकाळी सगळ्यात आधी तळमजल्यावरच्या मामी आल्या. त्यांच्या जिभेला इमारतीतला सेक्रेटरीही घाबरतो. त्यांनी वरच्या पायरीकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे, मग पुन्हा वर.

"सम्मंदी राणीचा पोशाख करून आल्यात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या (सम्मंदी म्हणजे विहीण) आणि पहिलं कुंकू त्यांनाच लावलं. लुंगीचा विषय शेवटी विहीणबाईंनीच काढला आणि माम्यांना पोट धरून हसवलं.

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली पुण्याची मुलगीही आली होती. माझं मराठी ऐकून ती गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" आपली माणसं तंजावरला येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, तरी हा प्रश्न काही चुकत नाही. विहीणबाईंनी काय विचारलं म्हणून मला कोपराने ढोसलं. मी इंग्रजीत सांगितलं, तर हसता हसता त्यांच्या हातातलं सुंडल सांडलं.

तर राणीचा फेटा आहे तिथेच आहे, कोलू आवरतानाही मी तो सोडला नाही. यंदा राजाचं मात्र बदललं. इतकी वर्षं जरीत उभा होता, त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातली लुंगी कापून नेसवली आहे. शोभतो. ग्रॅनीला सांगा.