कोणाच्या ताटातून?

करंदीकर काका निवडणुकीची भाषणं टीव्हीचा आवाज बंद करून बघायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाय ठेवला तेव्हा पडद्यावर कोणी पुढारी हात उडवून बोलत होता आणि काका वाटीतले शेंगदाणे खात त्याच्याकडे टक लावून बसले होते. मी विचारलं, "काका, आवाज?" तर म्हणाले, "आवाजाला भुलतो माणूस. काय बोलला ते उद्या पेपरात वाचीन. तेव्हा चहा झालेला असतो, डोकं ताळ्यावर असतं."

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. आम्ही नवीन राहायला आलो, दारावर मराठी आडनाव दिसलं, म्हणून मी घरी केलेला चिवडा घेऊन गेले. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल असं नाही काका. असंच."

"असंच कोणी काही देत नाही," असं म्हणून त्यांनी डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदांनी भरून परत आणून दिला. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीतच आहे. पण काकांच्या चेहऱ्यावर फिट्टंफाट झाल्याचं समाधान होतं. मला राग आला होता. पुढे कळलं की हा माणूस बेकरीत नमुन्याला ठेवलेला केकचा तुकडासुद्धा उचलत नाही.

सगळी नोकरी त्यांनी इथल्या मोटारींच्या धंद्यात काढली होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा विषय काका काढत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

आमची ईरा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक चालू होती आणि ईराला तिथेच इंजिनिअरिंग करायचं होतं. तिथला एक उमेदवार तिच्या मनात भरला, कारण बाहेरून येऊन शिकणाऱ्यांना तिथेच नोकरीला राहू देऊ असं तो एका सभेत म्हणाला होता. माझा नवरा मंदार तर खूशच झाला. त्याच माणसाने तिथल्या मध्यमवर्गाचा कर कमी करायचंही कबूल केलं होतं. मंदार म्हणाला, "आपल्यासारख्यांचा विचार करणारा कोणीतरी आला बाबा." कोथरूडचा फ्लॅट विकून फी भरायची, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

रविवारी काका जेवायला होते. मंदारने त्यांना सगळं उत्साहाने सांगितलं. काकांनी आमटीचा घोट घेतला. "देतोय ते दिसलं. काढतोय कोणाच्या ताटातून?"

"म्हणजे?"

"त्यांच्या लोकांचा कर कमी करणार, मग ती तूट कुठून भरून काढणार? बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर जकात बसवून. तेही त्याच भाषणात होतं, तुम्ही पुढचं ऐकलं नाही. आणि त्या गाड्यांचे सुटे भाग कुठे बनतात?"

ते तर मंदारच्याच कंपनीत बनत होते. ईरा जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी जर्मनवर जाते.

काका गेल्यावर मी मंदारला म्हटलं, "यांचा मुलगा तिकडे जाऊन यांना विसरला, म्हणून आता आपल्या मुलीच्या पायात पाय घालतायत." हे मी नुसतं म्हटलं नाही, तसं मानलंच. त्यानंतर काका जिन्यात भेटले की मी घाईत असल्यासारखं करायचे.

काकांनी मात्र पिच्छा सोडला नाही. "अगं मृणाल, पोरीला इथेही अर्ज करू दे. हॅनोव्हरला कर. चांगलं विद्यापीठ आहे, आणि इथे शिकायला फी नाही."

मनात आलं तेच मी बोलले. "फी नाही? मग शिकवत काय असतील?"

काका त्या दिवशी मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. "वा! जिथे पैसे मागत नाहीत तिथे तुम्हाला संशय, आणि जिथे घर विकायला लावतात तिथे गाढ विश्वास. अगं, फुकट नाहीये ते. इतकी वर्षं तुमच्या पगारातून कर कापतायत ना, तीच ही फी. भरून बसलायत आणि घ्यायला लाजताय."

पुण्यात वाढलेल्या आम्हा दोघांच्या डोक्यात चांगल्या कॉलेजची फी भारीच असणार, हे इतकं पक्कं होतं की इथल्या विद्यापीठांची आम्ही साधी चौकशीही केली नव्हती.

तो उमेदवार निवडून आला. वसंतात ईराला अमेरिकेत प्रवेश मिळाला आणि त्याच सुमारास गाड्यांवर जकातही बसली. उन्हाळ्यात मंदारच्या कंपनीत कुर्ट्सआर्बाइट सुरू झालं, म्हणजे कामाचे तास कमी आणि पगारही कमी. नोकरी राहते की जाते याचा भरवसा नव्हता. अशा वेळी पुण्यातलं एकुलतं एक घर विकायचा धीर आम्हाला झाला नाही. नको म्हणून कळवलं त्या दिवशी ईरा खोलीचं दार लावून बसली. मी बाहेर उभी राहून रडले.

हॅनोव्हरचा अर्ज तिने आम्हाला न सांगताच करून ठेवला होता, काकांच्या टेबलाशी बसून. शरदात ती तिकडे गेली आणि रमली. शनिवारी सकाळच्या गाडीने निघाली की दुपारच्या जेवणाला इथे. आधी खाली काकांकडे डोकावायची, मग वर आमच्याकडे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात काका गेले. मुलगा आला, दोन दिवस राहिला, घर रिकामं करून गेला. नीट वागला, मला बोट ठेवायला जागा नव्हती. तरी माझं मन त्याच्याबद्दल स्वच्छ झालं नाही.

तो गेला त्या संध्याकाळी मी ईराला विचारलं, "काका तुझ्या मागे इतके का लागले होते गं? मला तेव्हा वाटायचं की त्यांचा त्यात काहीतरी स्वार्थ आहे."

"गेनाऊ," ईरा म्हणाली, म्हणजे 'अगदी बरोबर'. मग थांबून, शब्द शोधत, मराठीत बोलू लागली. "मी विचारलं होतं त्यांना. अर्ज भरताना. काका, तुम्ही देताय, पण काढताय कोणाच्या ताटातून?"

"मग?"

"ते म्हणाले, तुझ्याच ताटातून काढतोय. तुझी अमेरिका काढतोय. आणि माझ्या ताटात वाढतोय. तू हॅनोव्हरला असलीस तर कधीतरी शनिवारी येशील. अमेरिकेतून कोणी येत नाही." तिने डोळे पुसले. "मग म्हणाले, आता सगळं कळलंय तुला. नको असेल तर अर्ज फाड."

माझा संशय खरा होता. पण ज्याच्यावर घेतला त्याने तो माझ्या पोरीसमोर स्वतःच कबूल केला होता, आणि तिने तरीही अर्ज भरला होता.

मी खाली गेले. त्यांच्या दारावरची पाटी मुलाने काढून नेली होती. सफरचंदांचा तो डबा, माझाच, पण त्यांच्याकडे कायम जात-येत राहिलेला, दाराबाहेर ठेवलेला होता. रिकामा.