आभारानंतरचा प्रयोग

निशिगंधाच्या हाराचा वास आला की मला पन्नासच्या दशकातली एक दुपार आठवते. चिंचवडच्या ज्या शाळेत मी शिकवत असे, तिथे आसपासचे विज्ञान शिक्षक जमले होते. दर महिन्याला भेटून एकमेकांना प्रयोग दाखवायचे, ही चाकणच्या जोगमास्तरांची कल्पना. सगळ्या शाळांत मिळून लोलक एकच होता, त्यांचा. खिडकीतल्या उन्हाचे सात रंग भिंतीवर पाडून ते शिक्षकांच्या या मंडळाची सुरुवात करणार होते. पण कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण आधी होतं आणि प्रयोग आभारानंतर.

गळ्यात निशिगंधाचा हार घातलेले पाहुणे राष्ट्रापासून ऋषिमुनींपर्यंत गेले.

"साहेब, ऊन चाललंय हो," मास्तर हळूच म्हणाले.

"मुद्द्यावरच येतोय," म्हणून पाहुणे वेदांकडे वळले.

आभार झाले तेव्हा भिंतीवर सावली होती. मास्तर लोलक फिरवत राहिले. "पुढच्या वेळी नक्की, मास्तर," म्हणत सगळे तळेगावची गाडी गाठायला उठले. एक प्रयोग राहिला, एवढंच मला तेव्हा वाटलं.

पुढच्या महिन्यात ऊन लख्ख होतं. मास्तर वेळेआधी आले. मी होतोच. तिसरं कोणी आलं नाही.