जेडला शिळं पाणी

यवतमाळात आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. नळ आला की आधी भांड्यांतलं शिळं पाणी काढायचं आणि मग ताजं भरायचं, हे घरोघरी चालतं. समोरच्या काकांचं शिळं पाणी मात्र मोरीत जात नाही. ते खिडकीतल्या जेडला जातं. जाड, रसाळ पानांचं हे झाड काकूंनी लावलेलं. काकूंना जाऊन वर्ष होत आलं.

"काका, त्याच्या पानांतच पाणी असतं. मुळं सडतील," मी कितीदा सांगितलं.

"हो बाई, बरोबर हाय. तुही काकूबी हेच सांगे," म्हणून ते मान डोलवायचे, आणि पुढच्या नळाला पुन्हा तांब्यावर तांब्या ओतायचे. मला रागच यायचा. "फेकवत नाही मले," ते म्हणायचे, "अन् ते तहानलेलं दिसते."

पानं पिवळी पडली, मग एकेक गळाली. परवा खोड नुसत्या बोटाच्या धक्क्याने आडवं झालं. काकांनी ते टाकलं नाही. कुंडीच्या कडेला टेकवून उभं केलं.

काकूंनीच दिलेल्या एका पानापासून माझ्याकडे रोप वाढलं आहे. काल मी ते त्यांच्याकडे घेऊन गेले. काका बराच वेळ पानांवरून बोट फिरवत बसले. मग कुंडी त्यांनी माझ्या हातात परत दिली.

"घेऊन जाय बाई. उद्या नळ येते. मी यालेबी पाणी टाकीन."