मिरची भरायला निघालेला माझा हात

देऊळघाटच्या भजनातल्या बायांनो, मी सांगते तसं सून लिहून राह्यली आहे. सगळ्यांना वाचून दाखवा.

आज सकाळी माझ्या नातीच्या, चंद्रीच्या, पोटरीला लाळ गाळणारं एक कुत्रं चावलं. जखमेत भरायला मी मूठभर लाल तिखट घेतलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

तेवढ्यात बांगड्या भरणारी अमीनाबी आली. तिनं टोपली दारातच टाकली आणि माझं मनगट धरलं.

"तिखट फेक, माय! माह्या भावालेबी हेच भरलं व्हतं. पाण्याले भेऊन भेऊन मेला तो."

"सोड वो, हात मोडशील माहा!"

"मोडू दे. पोरगी वाचू दे."

तिनं साबण मागितला आणि घागर रिकामी होईपर्यंत जखम धुतली. चंद्री रडत होती, मी शिव्या देत होते, आणि ती दोघींचंही ऐकत नव्हती. मग तिनंच बैलगाडी जुंपायला लावली.

बुलढाण्याच्या दवाखान्यात चंद्रीच्या पोटात पहिली सुई दिली. रोज एक, अशा चौदा घ्यायच्या आहेत.

"जखम कोणी धुतली? फार चांगलं केलं," डॉक्टर म्हणाले.

मी अमीनाबीकडे बोट दाखवलं. माझा तिखटाचा हात मात्र पदराखाली लपवला.

आता चंद्री भाकरी खाऊन झोपली आहे. अमीनाबीचे उपकार मी कसे फेडू?

बायांनो, आजवर कोणी कोणी तिखट भरलं, ते मनातच ठेवा. पण उद्या तुमच्या लेकराला कुत्रं चावलं, तर जखम धुवायला तुम्ही अमीनाबीची वाट पाहणार का?