कानबाई, ठाकोरभाई आणि आठवा मजला

आठव्या मजल्यावर राहायला लायक माणूस कसा असावा, याबद्दल ठाकोरभाईंची काही ठाम मतं होती. त्यांपैकी एकातही मी बसत नव्हतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेजवळच्या उधना स्टेशनच्या अगदी तोंडाशी ठाकोरभाईंनी नऊ मजली इमारत बांधली होती. सगळे फ्लॅट भाड्याने, विकायला एकही नाही! पत्र्याच्या खोल्या आणि लूमचा खडखडाट यांच्या मधोमध ती इमारत अशी उभी होती की, बँकेत जाताना मी रोज मान वर करून चालायचो. (दोनदा सायकलवाल्याला धडकलो. तोही वरच बघत होता.) आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा आईने आधी मोरीतला नळ सोडला, पाणी आलं, आणि तिने नळाला नमस्कार केला. आठव्या मजल्यावर पाणी! आमच्या जुन्या चाळीत ते तळमजल्यावरही चढत नसे. गॅलरीतून सगळे रूळ दिसायचे. भुसावळकडून येणारी पॅसेंजर लांबवर दिसली की मी चपला घालायचो, आणि गाडी थांबायच्या आत पाहुण्यांसमोर हजर असायचो. इतकं सुख मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पण हे सुख एका महिन्यापुरतंच होतं. ठाकोरभाईंचा नियम स्वच्छ होता: आधी महिनाभर पारखायचं, पसंत पडलो तरच अकरा महिन्यांचा करार.

"सुभाषभाई, एक महिनो रहो. मने गम्युं तो अगियार महिनानुं एग्रीमेंट. गर्दी नहीं, अवाज नहीं. बराबर?"

"एकदम बराबर!" मी म्हणालो. आमच्या घरात माणसं तीनच. आई, बायको सुमन आणि मी. गर्दी करायची म्हटली तरी जमणार कशी?

तो महिना श्रावणाचा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं.

"अवंदा कानबाई इठेच बसाडू," ती म्हणाली.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा खानदेशी माणसांची ही देवी श्रावणात रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर जाते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. त्यासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही. थोडक्यात, या पूजेला कुणाला वगळता येत नाही. वगळलं तर त्याचे गहू उरतात, आणि पुढची दहा वर्षं तो बोलत नाही.

मी ठाकोरभाईंना सांगून ठेवलं, "छोटीशी पूजा आहे. घरातल्या घरात."

एरवी निम्मी भाऊबंदकी 'बस मिळाली नाही' म्हणून टाळायची. पण घर स्टेशनला लागून, आणि वर लिफ्ट! ती बातमी धुळ्यापासून चाळीसगावपर्यंत पोचली होती. रविवारी पॅसेंजर आली तेव्हा मी गॅलरीत चपला घालून तयार होतो. गाडीतून आमचेच लोक उतरत होते. उतरतच होते! एक्केचाळीस माणसं, सहा गाठोडी, एक ढोल. पुंजू काका तर खालून हात हलवून ओरडले, "सुभ्या, तू तठेच थांब! आम्ही लिफ्टनी येतस!"

ते लिफ्टने आले. मग लिफ्टने खाली गेले. मग पुन्हा आले. दुपारपर्यंत आमच्या भाऊबंदकीने त्या लिफ्टमधून जेवढा प्रवास केला, तेवढ्यात नंदुरबार गाठता आलं असतं.

सोमवारी सकाळी विसर्जनाची तयारी चालली होती आणि दारात ठाकोरभाई उभे राहिले. सफारी सूट, डोक्यावर टोपी, काखेत कराराचे कागद. आठव्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत जिन्यावर चपला होत्या. ते त्यांतूनच वाट काढत आले होते.

"आ छोटी पूजा छे?"

"घरचेच आहेत सगळे..."

"एग्रीमेंटनी वात पछी करिए," म्हणजे करार आता नंतर, असं सांगून त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकले.  मला चाळीतला कोरडा नळ डोळ्यांपुढे दिसायला लागला.

तेवढ्यात आई कानबाईला डोक्यावर घेऊन बाहेर आली. पाटावर नारळाची देवी, तिला हिरवं लुगडं, नथ, दागिने. ती इतकी देखणी दिसत होती की ठाकोरभाईंनीही हात जोडले. आमच्या घराण्याची रीत अशी की एकदा डोक्यावर घेतलेली कानबाई पाण्यापर्यंत खाली ठेवायची नाही. आणि आईचे गुडघे आठ जिने उतरणारे नव्हते.

"शेठ, तुनी लिफ्ट चांगली शे ना?" आईने विचारलं.

हा प्रश्न ठाकोरभाईंच्या वर्मी लागला. "बा, मारी लिफ्ट कोई दहाडो अटके नहीं! चालो, हुं पोते साथे आवुं."

गर्दी नको म्हणून लिफ्टमध्ये तिघंच: आई, ठाकोरभाई आणि मी. बाकीचे ढोल वाजवत जिन्याने निघाले. काल दिवसभर सगळ्यांना लिफ्टचे धडे देणारा मीच, त्यामुळे जाळीचं दार ओढायचा मान माझा. मी ते ऐटीत ओढलं आणि बटण दाबलं.

सहावा मजला गेला आणि मला दिसलं की कानबाईच्या लुगड्याचं टोक दारात अडकलंय. देवीचं लुगडं फाटलं तर! मी पटकन दार दोन बोटं उघडलं. लिफ्ट गचकन थांबली; दार पूर्ण मिटल्याशिवाय ती चालत नसे. मी दार परत ओढलं, तर लुगड्याचा बोळा होऊन तो खाचेत बसला. आता दार ना उघडेना, ना मिटेना.

"अटके नहीं," ठाकोरभाई म्हणाले. मग त्यांनी सगळी बटणं दाबली. मग धोक्याची घंटा दाबली. ती खणखणायला लागली आणि खालून गर्जना आली, "कानबाई माय की जय!" ढोलवाल्याने लगेच घंटेच्या ठेक्यावर ठेका धरला. आम्ही जितकं ओरडू तितका खालचा नाच रंगात येत होता.

यानंतरचा भाग मी सहसा सांगत नाही. मी जाळी दोन्ही हातांनी धरून किंचाळलो, "ठाकोरभाई, घर खाली करतो! आजच करतो! नको मला एग्रीमेंट, फक्त बाहेर काढा!" आणि मी खाली बसलो. बसूनच राहिलो.

"रडू नको रे सुभ्या," आई डोक्यावर देवी तोलत म्हणाली. "कानबाई शे ना संगे." मग तिने दाराकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (सर्वांत कमी वेळ), आणि ठाकोरभाईंकडे वळली. "शेठ, हात धुयेल शेतस ना? मंग हाऊ पाट डोकावर ले. खाले ठेवू नको."

"बा, हुं? हुं तो बहारनो माणस!"

"आते बाहेरना कोण? आपण तिन्ही एकच डबामा शेतस!"

ठाकोरभाईंनी टोपी काढून खिशात ठेवली आणि कानबाई डोक्यावर घेतली. हात मोकळे झाल्याबरोबर आईने लुगड्याचा बोळा अलगद सोडवून घेतला, पदर खोचला, आणि दार असं काही ओढलं की अख्खी लिफ्ट हादरली. लिफ्ट खाली निघाली. गावाकडचं धान्याच्या कोठीचं फुगलेलं दार ही बाई तीस वर्षं रोज लावत आली होती. तिच्यापुढे लिफ्टचं काय चालणार! मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून उभा राहणार होतो. पण तळमजला आला.

दार उघडलं. सफारी सुटातले ठाकोरभाई डोक्यावर कानबाई घेऊन, शेजारी पदर खोचलेली आई, आणि कोपऱ्यात बसलेला मी. ढोल थांबला.

"हाऊ कोणता घरना शे?" पुंजू काकांनी विचारलं.

"आपलाच," आई म्हणाली. "ज्यानी कानबाई धरी, तो भाऊबंद."

मग जो जयजयकार झाला! ठाकोरभाईंनी फाटकापर्यंत कानबाई दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाऊ दिली नाही. वर दोन पावलं नाचलेसुद्धा. विसर्जन करून आल्यावर दुपारी आमच्या पंगतीत मांडी घालून त्यांनी रोट खाल्ला, खिरीचे दोन वाडगे रिचवले, आणि मग माझ्याकडे वळले.

"सुभाषभाई, तमे तो घर खाली करो छो ने?"

"छे छे! ते आपलं घाबरून..."

"बोल्या ते बोल्या," ते शांतपणे म्हणाले. मी नळाकडे पाहिलं, गॅलरीतून दिसणाऱ्या रुळांकडे पाहिलं. डोळे भरून आले. एक्केचाळीस माणसांत तोंड लपवायला जागाही नव्हती.

ठाकोरभाईंनी खिशातून करार काढला, माझं नाव खोडलं आणि तिथे आईचं नाव लिहिलं. आईने सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. 'साथे रहेनार' या सदरात त्यांनी सुमनचं नाव लिहिलं, त्याखाली माझं, आणि माझ्यापुढे कंसात एक अट घातली: जिन्याने ये-जा करेल.

अकरा महिन्यांनी करार नव्याने झाला. ठाकोरभाई भला माणूस, ती अट काढायला ते लगेच तयार झाले.

भाडेकरूने नकार दिला.